‘गो अगेन्स्ट’ : आधी कर्ता पाहा, मग अर्थ ठरवा

मराठी माध्यमातून इंग्रजीकडे वळलेल्या वाचकाला ‘गो अगेन्स्ट’ हे क्रियापद पहिल्या भेटीत सोपे वाटते, कारण ‘गो’ म्हणजे जाणे आणि ‘अगेन्स्ट’ म्हणजे विरुद्ध, तेव्हा दोन्ही जोडून ‘विरुद्ध जाणे’ असा अर्थ सहज हाती येतो. तो बऱ्याच वाक्यांत बसतोही, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. मराठीत आपण ‘विरुद्ध’ आणि ‘विरोधात’ हे शब्द निकाल, मोर्चा, निवडणूक, भांडण, लग्न, साक्षीदार अशा कितीतरी प्रसंगी वापरतो, इंग्रजीत मात्र या प्रत्येक प्रसंगासाठी वेगळे क्रियापद आहे आणि ‘गो अगेन्स्ट’ त्यांतल्या काहींनाच लागू पडते. वाचताना ही मर्यादा फारशी जाणवत नाही. लिहिताना आणि बोलताना ती पदोपदी आडवी येते.

शब्दकोशांत या क्रियापदाचे साधारण तीन अर्थ दिलेले आढळतात: एखाद्याच्या इच्छेविरुद्ध किंवा नियमाविरुद्ध वागणे, एखाद्या तत्त्वाशी विसंगत असणे, आणि निकाल एखाद्याला प्रतिकूल लागणे. हे तीन अर्थ पाठ करण्याची मुळीच गरज नाही. वाक्याचा कर्ता कोण आहे एवढे पाहिले की कोणता अर्थ लागू आहे ते जवळजवळ नेहमी कळते, आणि पुढील सगळ्या पायऱ्या याच सूत्रावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : रचना आणि उच्चार

शाळेच्या पुस्तकांत ‘गो अगेन्स्ट’ला सरसकट ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हटले जाते. काटेकोर व्याकरणकार त्याला ‘प्रेपोझिशनल व्हर्ब’ म्हणतील, कारण ‘अगेन्स्ट’ हे इथे निव्वळ शब्दयोगी अव्यय आहे. नावाचा वाद बाजूला ठेवला तरी त्यातून निघणारा नियम महत्त्वाचा आहे: साध्या विधानात कर्म नेहमी ‘अगेन्स्ट’च्या नंतरच येते, मधे कधीही नाही. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ ही दोन्ही वाक्ये चालतात. ‘गो इट अगेन्स्ट’ मात्र कोणत्याही परिस्थितीत चालत नाही. ‘गो अगेन्स्ट इट’ एवढीच रचना शुद्ध आहे. कर्माशिवायही हे क्रियापद उभे राहत नाही. मराठीत ‘तो विरोधात गेला’ असे म्हणून आपण थांबू शकतो, इंग्रजीत मात्र ‘ही वेन्ट अगेन्स्ट’ असे म्हटल्यावर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो.

‘गो’ आणि ‘अगेन्स्ट’ यांच्यामध्ये क्रियाविशेषण मात्र घालता येते. ‘धिस गोज डिरेक्टली अगेन्स्ट द रूल्स’ म्हणजे ‘हे थेट नियमाविरुद्ध आहे’, आणि ‘इट गोज कम्प्लीटली अगेन्स्ट हर नेचर’ म्हणजे ‘हे तिच्या स्वभावाच्या पूर्ण उलट आहे’. ‘डिरेक्टली’, ‘कम्प्लीटली’ आणि ‘व्हेरी मच’ ही क्रियाविशेषणे या जागी विशेष रुळलेली आहेत.

‘अगेन्स्ट’नंतर आणखी एखादे अव्यय जोडण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ‘अगेन्स्ट टू द रूल’ किंवा ‘अगेन्स्ट ऑफ माय विश’ अशी वाक्ये मराठीच्या षष्ठी विभक्तीतून येतात, कारण आपल्या डोक्यात ‘नियमाच्या विरुद्ध’ हा शब्दसमूह असतो आणि त्यातल्या ‘च्या’ला जागा द्यावी असे वाटते. इंग्रजीत त्या ‘च्या’ला जागा नाही.

उच्चाराबाबत दोन गोष्टी पुरेशा आहेत. ‘अगेन्स्ट’मधील पहिला ‘अ’ अगदी दुबळा असतो आणि जोर ‘गेन्स्ट’वर पडतो; तो ‘गेन्स्ट’ असा ऱ्हस्व म्हटला काय किंवा ‘गेइन्स्ट’ असा लांबवला काय, दोन्ही उच्चार प्रमाण मानले जातात. पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर भरभर बोलताना शेवटचा ‘ट’ बहुधा गळतो, त्यामुळे ‘अगेन्स्ट द लॉ’ हे कानाला ‘अगेन्स द लॉ’ असे ऐकू येते. लिहिताना तो ‘ट’ गाळू नये एवढेच.

दुसरी पायरी : कर्ता कोण, हा प्रश्न विचारा

तिन्ही अर्थ एकाच घटनेत दिसावेत असे उदाहरण शोधायचे तर मुंबईतील रखमाबाईंच्या खटल्याइतके चपखल दुसरे सापडणे कठीण आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई माहेरीच वाढल्या आणि पुढे नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये न्यायालयात धाव घेतली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजींची मागणी फेटाळली, अपिलानंतर खटला पुन्हा उभा राहिला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी नवऱ्याकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंतची कैद भोगावी, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले आणि पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परतल्या.

आता ही तीन वाक्ये पाहा.

‘रखमाबाई वेन्ट अगेन्स्ट द कस्टम ऑफ हर टाइम.’ इथे कर्ता माणूस आहे. माणूस कर्ता असला की ‘गो अगेन्स्ट’ म्हणजे जाणूनबुजून न मानणे, डावलणे, मोडणे. रखमाबाईंनी त्या काळच्या रूढीला न जुमानता आपला निर्णय घेतला, असा या वाक्याचा अर्थ होतो.

‘द आयडिया वेन्ट अगेन्स्ट हर कॉन्शन्स.’ इथे कर्ता एक कल्पना आहे. कल्पना काही मोडत नाही किंवा बंड करत नाही. ती फक्त जुळत नाही. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या जोरावर नांदायला जाणे त्यांच्या सदसद्‌विवेकबुद्धीला पटणारे नव्हते, असे हे वाक्य सांगते.

‘इन १८८७ द रूलिंग वेन्ट अगेन्स्ट हर.’ इथे कर्ता निकाल आहे आणि कर्म व्यक्ती आहे. निकाल प्रतिकूल लागला, एवढाच अर्थ. त्याआधीच्या निकालाबद्दल लिहायचे असेल तर ‘द १८८५ रूलिंग वेन्ट अगेन्स्ट दादाजी’ असे लिहावे, किंवा बाजू उलटी करून ‘द १८८५ रूलिंग वेन्ट इन रखमाबाईज फेव्हर’ असे म्हणावे.

क्रियापद तेच, काळ तोच, रचनाही तीच आहे. बदलला आहे तो फक्त कर्ता. माणूस, गोष्ट, निकाल ही त्रयी लक्षात राहिली की अनोळखी वाक्यही बहुतेक वेळा एका वाचनात उलगडते.

माणूस कर्ता असताना

या अर्थी कर्माच्या जागी बहुधा इच्छा, सल्ला, आदेश, परंपरा, नियम असे शब्द येतात: ‘विशेस’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘ऑर्डर्स’, ‘ट्रॅडिशन’, ‘रूल्स’. ‘शी वेन्ट अगेन्स्ट हर पेरेंट्स’ विशेस अँड जॉइन्ड द आर्मी’ म्हणजे आईवडिलांची इच्छा डावलून ती सैन्यात गेली. ‘अ‍ॅडव्हाइस’ हा शब्द इंग्रजीत अनेकवचनी होत नाही, म्हणून ‘अ‍ॅडव्हायसेस’ लिहू नये. कर्माच्या जागी थेट माणूस आला तर अर्थ अधिक तीव्र होतो. ‘ही वेन्ट अगेन्स्ट हिज फॅमिली’ या वाक्यात घरच्यांची केवळ एखादी सूचना नाकारलेली नसते. संपूर्ण घराच्या मताविरुद्ध पाऊल उचललेले असते.

या अर्थाची एक अट मराठी लेखकांच्या सहज नजरेतून सुटते. ‘गो अगेन्स्ट’मध्ये कृती अभिप्रेत असते, नुसते मत नव्हे. सभेत कोणी एखाद्या प्रस्तावाविरुद्ध भाषण केले तर ‘ही वेन्ट अगेन्स्ट द प्रपोजल’ असे म्हणणे चुकीचे ठरते. तिथे ‘ही स्पोक अगेन्स्ट द प्रपोजल’ किंवा ‘ही अपोज्ड द प्रपोजल’ असे म्हणावे लागेल. प्रस्ताव मंजूर झाल्यावर त्याने त्याच्या उलट वर्तन केले, तरच ‘वेन्ट अगेन्स्ट द डिसिजन’ हे शब्द योग्य ठरतात. बोलणे वेगळे आणि मोडणे वेगळे, हा फरक इंग्रजी इथे नेमकेपणाने पाळते.

रुग्णालयातून डॉक्टरांचा सल्ला न मानता रुग्णाला घरी नेले जाते तेव्हा कागदावर ‘डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस’ असा शेरा असतो आणि बोलण्यात त्यालाच ‘डामा’ म्हणतात. त्या शेऱ्यात ‘गो’ नाही, पण अर्थाची जात हीच आहे. बाहेर कोणाला सांगायचे असेल तर ‘द फॅमिली वेन्ट अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस अँड टुक हिम होम’ असे सांगता येते.

गोष्ट कर्ता असताना

हा अर्थ लिखित इंग्रजीत भरपूर आढळतो, आणि मराठी लेखकाची गफलतही इथेच जास्त होते, कारण मराठीत या ठिकाणी ‘जाणे’ हे क्रियापद सहसा येत नाही. आपण ‘हे नियमाविरुद्ध आहे’ म्हणतो, ‘हे नियमाविरुद्ध जाते’ असे क्वचितच म्हणतो. त्यामुळे मराठीतून विचार करणारा ‘धिस इज अगेन्स्ट द रूल्स’ एवढेच लिहितो. ते शुद्ध आहे, पण तत्त्व, स्वभाव, पुरावा, अंतःप्रेरणा यांच्याशी विसंगती दाखवायची असते तेव्हा ‘गोज अगेन्स्ट’ अधिक नेमके आणि भारदस्त वाटते. ‘द थिअरी गोज अगेन्स्ट ऑल द एव्हिडन्स’ म्हणजे ही उपपत्ती उपलब्ध पुराव्याशी मुळीच जुळत नाही. ‘धिस प्लॅन गोज अगेन्स्ट कॉमन सेन्स’ याचा मराठी अर्थ सांगण्याची गरज नाही.

याच अर्थाची एक रचना मुद्दाम आत्मसात करण्याजोगी आहे. ‘इट गोज अगेन्स्ट माय प्रिन्सिपल्स टू लाय’ या वाक्यात ‘इट’ हा नावापुरता कर्ता आहे आणि खरा कर्ता ‘टू लाय’ शेवटी आलेला आहे. मराठीत आपण ‘खोटे बोलणे माझ्या तत्त्वात बसत नाही’ असे म्हणू. म्हणजेच मराठीतल्या ‘तत्त्वात बसत नाही’, ‘स्वभावात नाही’, ‘मनाला पटत नाही’ या वाक्प्रचारांना इंग्रजीत ‘इट गोज अगेन्स्ट’ हा साचा पुष्कळदा पुरतो. सही करायची वेळ आली आणि मन तयार नाही, अशा वेळी ‘इट गोज अगेन्स्ट माय इन्स्टिंक्ट्स टू साइन धिस’ असे एका वाक्यात सांगता येते.

‘गो अगेन्स्ट द ग्रेन’ हा वाक्प्रचारही याच घरातला आहे. ‘ग्रेन’ म्हणजे इथे धान्य नव्हे. लाकडातील तंतूंची दिशा. त्या दिशेने रंधा मारला तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, उलट मारला तर तंतू उचकटून फळी खरबरीत होते. एखादी गोष्ट करायला मन सहजी वळत नाही, तेव्हा ‘इट गोज अगेन्स्ट द ग्रेन’ म्हणतात: ‘इट गोज अगेन्स्ट द ग्रेन टू पे फॉर वॉटर’ म्हणजे पाण्याला पैसे मोजणे जिवावर येते. इथे ‘माय ग्रेन’ किंवा ‘हिज ग्रेन’ असे करू नये, वाक्प्रचार ‘द ग्रेन’ असाच ठरलेला आहे. हल्ली माणसाला कर्ता करून ‘शी गोज अगेन्स्ट द ग्रेन’ असेही लिहिले जाते आणि तेव्हा अर्थ ‘ती रूढ वाट सोडून चालते’ असा होतो. कर्ता बदलला की अर्थ सरकतो हे इथेही दिसते.

निकाल कर्ता असताना

तिसऱ्या अर्थात मराठी आणि इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात. ‘निकाल त्याच्या विरोधात गेला’ आणि ‘द व्हर्डिक्ट वेन्ट अगेन्स्ट हिम’ या दोन वाक्यांत शब्दशः साम्य आहे, त्यामुळे ही रचना निर्धास्तपणे वापरावी. मात्र कर्त्याच्या जागी निकालाच्याच जातीचा शब्द हवा: ‘व्हर्डिक्ट’, ‘डिसिजन’, ‘रूलिंग’, ‘व्होट’, ‘केस’, ‘टॉस’, फार तर ‘लक’. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीतील सात जणांनी त्यांना दोषी तर दोघांनी निर्दोष ठरवले. ‘द व्हर्डिक्ट वेन्ट अगेन्स्ट टिळक, सेव्हन टू टू’ असे त्याचे वर्णन होईल. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द ठरवली तेव्हा ‘द जजमेंट वेन्ट अगेन्स्ट हर’ असे म्हणता येते. क्रिकेटच्या समालोचनात पायचीतच्या अपिलावर पंचांनी बोट वर केले की ‘द डिसिजन हॅज गॉन अगेन्स्ट हिम’ हे वाक्य ऐकू येते, आणि तिसरा अर्थ मनात ठसण्यासाठी याहून चांगला वर्ग नाही.

न्यायाधीश स्वतः कर्ता असेल तर मात्र सावध राहावे. ‘द जज वेन्ट अगेन्स्ट हिम’ हे वाक्य डळमळीत आहे, कारण कर्ता माणूस झाल्यामुळे वाचकाचे मन पहिल्या अर्थाकडे, म्हणजे न मानण्याकडे, वळते. न्यायाधीशाने प्रतिकूल निकाल दिला हे सांगण्यासाठी ‘द जज रूल्ड अगेन्स्ट हिम’ ही रचना आहे. उलट ‘द जज वेन्ट अगेन्स्ट द ज्यूरीज रेकमेंडेशन’ हे वाक्य निर्दोष आहे: तिथे न्यायाधीशाने ज्यूरीची शिफारस खरोखरच डावललेली असते.

तिसरी पायरी : काळ निवडा

आपल्या कार्यालयीन इंग्रजीत चालू काळाची आवड जरा जास्तच आहे. ‘युवर रिक्वेस्ट इज गोइंग अगेन्स्ट कंपनी पॉलिसी’ असे वाक्य ईमेलमध्ये सर्रास दिसते, पण ते चुकते, कारण विसंगती ही घडत राहणारी क्रिया नसून एक स्थिती आहे. तिथे साधा वर्तमानकाळच हवा: ‘युवर रिक्वेस्ट गोज अगेन्स्ट कंपनी पॉलिसी’. माणूस कर्ता असेल तर चालू काळ चालतो, कारण तो क्रिया करत असतो: ‘यू आर गोइंग अगेन्स्ट माय ऑर्डर्स’. निकालाच्या अर्थीही घटना अजून संपलेली नसेल तर तो शोभून दिसतो, जसे ‘द मॅच इज गोइंग अगेन्स्ट अस’, म्हणजे सामना हातातून निसटत चालला आहे.

भूतकाळाचे रूप ‘वेन्ट’ आणि पूर्ण काळाचे ‘गॉन’ हे सर्वांना ठाऊक असते, तरी ‘हॅज वेन्ट अगेन्स्ट’ अजूनही लिहिले जाते, ते टाळावे. कर्मणी प्रयोग शक्यतो करूच नये. ‘हर विशेस वेअर गॉन अगेन्स्ट’ हे व्याकरणाच्या चौकटीत ओढूनताणून बसवता येईल, पण इंग्रजी कानाला ते खटकते. कर्मणी अपरिहार्य असेल तर क्रियापदच बदलावे: ‘हर विशेस वेअर इग्नोअर्ड’ किंवा ‘द रूल वॉज ब्रोकन’.

प्रश्नार्थक आणि संबंधी वाक्यांत ‘अगेन्स्ट’ शेवटी सोडले तरी बिघडत नाही, किंबहुना तेच स्वाभाविक आहे. ‘विच रूल डझ इट गो अगेन्स्ट?’ हे चांगले वाक्य आहे. वाक्याच्या शेवटी अव्यय येऊ नये हा जुना शालेय दंडक इथे पाळत बसल्यास ‘अगेन्स्ट विच रूल डझ इट गो?’ असे अवघडलेले वाक्य तयार होते.

चौथी पायरी : मराठीतला ‘विरोधात’ कुठे वेगळा पडतो

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळायला हवे.

‘सगळे माझ्या विरोधात गेले’ हे वाक्य मराठीत रोजचे आहे. त्याचा अर्थ असा की जे आधी माझ्या बाजूने होते ते आता माझे विरोधक झाले. इंग्रजीत या बदलासाठी ‘टर्न’ हे क्रियापद लागते: ‘एव्हरीवन टर्न्ड अगेन्स्ट मी’. ‘एव्हरीवन वेन्ट अगेन्स्ट मी’ म्हटले तर सर्वांनी माझा आदेश मोडला असा काहीसा भलताच अर्थ निघतो. साक्षीदाराच्या बाबतीत तर मराठीतही आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘फितूर होणे’, आणि भारतीय न्यायालयांच्या इंग्रजीत त्याला ‘टर्न हॉस्टाइल’ म्हणतात. ‘द विटनेस वेन्ट अगेन्स्ट अस’ असे लिहून वाचकाला कोड्यात पाडू नये.

निवडणुकीत कोणी कोणाच्या विरोधात उभा राहतो तेव्हा ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘स्टँड अगेन्स्ट’ आणि अमेरिकेत ‘रन अगेन्स्ट’ म्हणतात. दोन संघ किंवा दोन मल्ल समोरासमोर येतात तेव्हा ‘प्ले अगेन्स्ट’ किंवा, प्रतिस्पर्धी तगडा असेल तर, ‘गो अप अगेन्स्ट’ वापरतात. हा मधला ‘अप’ दिसायला किरकोळ असला तरी त्यामुळे अर्थ न मानण्याकडून सामना करण्याकडे जातो. ‘शी वेन्ट अगेन्स्ट द चॅम्पियन’ आणि ‘शी वेन्ट अप अगेन्स्ट द चॅम्पियन’ यांत निःसंदिग्ध वाक्य दुसरेच.

एखाद्याने जाहीरपणे विरोधी भूमिका घेतली तर ‘कम आउट अगेन्स्ट’ हे क्रियापद आहे. रखमाबाईंच्या खटल्यात टिळकांच्या वृत्तपत्रांनी त्यांच्याविरुद्ध टीका केली. ती भूमिका सांगताना ‘हिज पेपर्स केम आउट अगेन्स्ट हर’ हे शब्द योग्य ठरतात, ‘वेन्ट अगेन्स्ट हर’ नव्हेत. दांडगाई करणाऱ्यापुढे न झुकणे यासाठी ‘स्टँड अप टू’ आहे, आणि त्याचा सूर कौतुकाचा असतो. ‘गो अगेन्स्ट’ला असा ठरलेला सूर नाही. ते कौतुकातही येते आणि तक्रारीतही, त्यामुळे लेखकाची बाजू दिसायला हवी असेल तर ती शेजारच्या शब्दांतून दाखवावी लागते.

राहिले ‘अपोज’. हे क्रियापद स्वतःच विरोधाचे असल्यामुळे त्याला ‘अगेन्स्ट’ची कुबडी लागत नाही. ‘वी अपोज अगेन्स्ट धिस प्रोजेक्ट’ हे वाक्य निवेदनांत वारंवार दिसते. ‘वी अपोज धिस प्रोजेक्ट’ एवढेच पुरते. ‘ऑब्जेक्ट’ला ‘टू’ लागतो, ‘प्रोटेस्ट’ला ‘अगेन्स्ट’ चालतो. यामागे तर्क शोधण्यापेक्षा जोड्या तोंडात बसवणे जास्त फलदायी आहे.

पाचवी पायरी : लेखनाचा दर्जा सांभाळा

‘गो अगेन्स्ट’ हे ना फार औपचारिक आहे ना फार घरगुती, त्यामुळे वृत्तपत्रात, निबंधात, ईमेलमध्ये आणि गप्पांमध्ये ते सारखेच चालते. कायदेशीर नोटिशीत किंवा सरकारी पत्रात मात्र ‘कॉन्ट्राव्हीन’, ‘व्हायोलेट’ किंवा ‘इज कॉन्ट्ररी टू’ यांना पसंती द्यावी. एखाद्या धोरणाची दुसऱ्या धोरणाशी विसंगती दाखवणाऱ्या अहवालात ‘रन्स काउंटर टू’ शोभून दिसते. स्पर्धा परीक्षांच्या निबंधात एकाच परिच्छेदात ‘गोज अगेन्स्ट’ तीनदा येण्यापेक्षा या पर्यायांतील एखादा मधे पेरलेला बरा. उलट अर्थाचे शब्दही सोबत ठेवावेत: माणूस कर्ता असेल तर ‘गो अलाँग विथ’ म्हणजे मान्य करून चालणे, आणि निकाल कर्ता असेल तर ‘गो इन समवन्स फेव्हर’.

सहावी पायरी : मराठी वाक्यांवर हात चालवा

सरावासाठी इंग्रजी वाक्यांचा अर्थ सांगण्यापेक्षा मराठी वाक्ये इंग्रजीत नेणे जास्त उपयोगी पडते, कारण चूक होते ती त्याच दिशेच्या प्रवासात. पुढील वाक्ये आधी स्वतः करून पाहावीत आणि मगच उत्तराकडे वळावे.

‘सरपंचांनी ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध जाऊन काम दुसऱ्या ठेकेदाराला दिले.’ कर्ता माणूस, कृती झालेली, ठराव मोडलेला. म्हणून ‘द सरपंच वेन्ट अगेन्स्ट द ग्रामसभाज रेझोल्यूशन अँड गेव्ह द वर्क टू अनदर कॉन्ट्रॅक्टर’.

‘मतदान आपल्या विरोधात गेले तर काय?’ कर्ता निकालाच्या जातीचा. म्हणून ‘व्हॉट इफ द व्होट गोज अगेन्स्ट अस?’ इथे ‘इफ’नंतर ‘विल’ येत नाही.

‘गावकऱ्यांनी खाणीच्या विरोधात मोर्चा काढला.’ माणसे कर्ता आहेत खरी, पण त्यांनी काही मोडलेले नाही, निषेध केला आहे. म्हणून ‘गो’ बाद आणि ‘द व्हिलेजर्स मार्च्ड अगेन्स्ट द माइन’.

‘तिचे लग्न मनाविरुद्ध लावून दिले.’ लग्न लावणारे दुसरेच आहेत आणि तिने कशाचाही भंग केलेला नाही. म्हणून ‘शी वॉज मॅरिड ऑफ अगेन्स्ट हर विल’.

‘मी मनाविरुद्ध सही केली.’ वरवर हे आधीच्या वाक्यासारखेच दिसते आणि शेवटी ठेवले आहे ते त्यामुळेच. मराठीतले ‘मनाविरुद्ध’ इथे दोन वेगळ्या परिस्थिती झाकते. दुसऱ्या कोणी दडपण आणून सही घेतली असेल तर ‘आय साइन्ड इट अगेन्स्ट माय विल’ असे लिहावे. या वाक्यातून जबरदस्तीचा आरोप सूचित होतो, आणि वादाच्या कागदपत्रांत असा शब्द विचार करूनच घालावा. कोणी जबरदस्ती केली नव्हती, पण हे करू नये असे आतून वाटत असतानाही सही केली असेल तर ‘आय साइन्ड इट अगेन्स्ट माय बेटर जजमेंट’ हे योग्य वाक्य आहे. आणि सही करणे सदसद्‌विवेकबुद्धीला पटले नाही एवढेच सांगायचे असेल, तर सही या कृतीला कर्ता करून ‘साइनिंग इट वेन्ट अगेन्स्ट माय कॉन्शन्स’ असे लिहावे.